गालावरची चार बोटं

रत्नमाला: चहा, दोन खारी, उभ्यानं

रविवारी शाळा भरत नाही. तरी त्या रविवारी साडेनऊला मुलं आली, आणि अशी आली की रत्नमालाला दारातच हसू फुटलं.

तेलानं चप्प बसवलेले केस. कपाळापासून गळ्यापर्यंत पावडर. मुलींच्या अंगावर लग्नसराईतले चमकीचे फ्रॉक. एका पोराच्या कॉलरला दुकानातली टाचणी तशीच होती. दुसऱ्यानं बापाचा काळा चष्मा घातला होता आणि तो भिंतीला धरून चालत होता.

शनिवारी तिचा भाऊ राजेंद्रदादा स्वतः शेंद्र्याच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या वस्तीत जाऊन निरोप देऊन आला होता. मुलांना रोजच्या, मातीतल्या कपड्यांत पाठवा, फोटो काढायचेत. आयांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं होतं. पहिलं दादा चुकून बोलला असणार, असं त्यांनी धरलं असावं. फोटोसाठी पोर मळकं कोण पाठवतं?

मुकुंदवाडी स्टेशनाच्या मागची ही शाळा. समोरचा रस्ता रुंद झाला त्यात तीनपैकी दोन खोल्या गेल्या. आता एकसष्ट मुलं, एक खोली आणि एक कडुलिंब. गेले चार महिने रत्नमाला तीन वर्गांना तीन भिंतींकडे तोंड करून बसवत होती आणि स्वतः मधे उभी राहून तिघांनाही शिकवत होती. सव्वीस वर्षांत तिचा आवाज कधी बसला नव्हता. या चार महिन्यांत दोनदा बसला.

शेंद्र्याची एक कंपनी वस्तीच्या शेजारीच पाच खोल्या बांधून द्यायला तयार होती. पाण्याचे नळ, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह. अट एकच होती. बारा मुलांचे प्रत्येकी दोन फोटो, एक 'आधी'चा आणि एक 'नंतर'चा. ते कंपनीच्या अहवालात जाणार आणि नव्या इमारतीच्या फाटकावर मोठे करून लागणार. कागदावर विश्वस्तांच्या चार सह्या हव्या होत्या, सोमवारपर्यंत. राजेंद्रदादानं केली होती. रत्नमालानंही केली होती. दादाची मुलगी प्रेरणा याच शाळेत शिकवायची. तिनं केली नव्हती, आणि गुरुवारपासून ती आत्याशी बोलतही नव्हती. चौथी सही मालन आत्याची. तिच्या मनात काय चाललंय ते पंच्याऐंशी वर्षांत कुणाला कळलं नव्हतं.

फोटोवाला यायला वेळ होता. सवयीनं रत्नमालानं हजेरीचं पुस्तक उघडलं.

या शाळेत कुणी 'हजर' म्हणत नाही. शाळा काढणारा रामकिसन वाहूळ, रत्नमालाचा खापरपणजोबा, शहरातल्या सूतगिरणीत हजेरी-मुकादम होता. पिंजण खात्यात सात-आठ वर्षांची पोरं असत, आणि सकाळी अकराच्या सुमाराला त्यांतली एक-दोन रोज चक्कर येऊन पडत. पडलेली पोरं बहुतेक उपाशी असतात, हे त्याच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवसापासून तो नाव घेऊन 'आहेस का' विचारीना, 'काय खाल्लंस' विचारू लागला. 'काही नाही' म्हणेल त्याच्यासाठी तो खिशात फुटाणे ठेवायचा. गिरणीतल्या विणाई मास्तरच्या मडमेनं त्याला सांगितलं की तिच्या देशात गिरणीतल्या पोरांना अर्धा दिवस शाळेत पाठवायचा कायदा आहे. इथं तो कायदा कुणाला ठाऊक नव्हता. मुकादमानं तो एकट्यानं लागू केला. १८९५ साली कापसाच्या गोदामाच्या ओसरीवर अर्ध्या दिवसाची शाळा भरली. तेव्हापासून हजेरी अशीच.

"चहा-बटर."

"कालचं वरण."

"मॅगी." यावर सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मेघा?"

नऊ वर्षांची मेघा गुलाबी सॅटिनच्या फ्रॉकमध्ये काठीसारखी ताठ बसली होती. "काय नाय," ती म्हणाली. "आई म्हणली, फ्राकवर सांडंल."

'काही नाही' आलं की हजेरी तिथंच थांबवायची, आधी फुटाण्यांचा डबा काढायचा, असा नियम. रत्नमालाचा हात डब्याकडे गेला. तेवढ्यात बाहेर कंपनीची गाडी थांबली. तिनं डबा परत फळीवर ठेवला आणि पुस्तक मिटलं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

प्रेरणा: काही नाही

ऑफिसच्या भिंतीवर एकाच चौकटीत दोन फोटो आहेत. डावीकडे पिंजारलेल्या केसांची, फाटकं लुगड्याचं धडपं गुंडाळलेली, मळक्या गालाची मुलगी. उजवीकडे तीच मुलगी, भांग पाडलेला, नवं पोलकं, छातीशी पाटी. खाली लिहिलंय: गोजर. गिरणीतून आली तेव्हा. शाळेत आल्यावर. १८९९.

हीच गोजर पुढं मुकादमाच्या घरात सून म्हणून आली. त्याच्या पश्चात चाळीस वर्षं तिनं शाळा चालवली. वाहूळांचं अख्खं घर तिच्यापासूनचं. आणि तिनंच नियम घातला की या शाळेत मुलांचा फोटो काढायचा नाही. का, ते कुणी विचारलं नाही. जुन्या बायकांना कॅमेऱ्याची भीती वाटायची, असं प्रेरणाच्या बाबांचं मत होतं.

बुधवारी कंपनीच्या पुस्तिकेसाठी प्रेरणानं ती चौकट उतरवून स्कॅन केली. पडद्यावर मोठा केलेला डावा फोटो बघताना तिला गालावरचा मळ दिसला. तो मळासारखा नव्हता. चार रेघा होत्या, सारख्या अंतरावर, वरून खाली ओढलेल्या. पोराच्या हातापेक्षा रुंद.

इतिहासात एम. ए. करताना तिनं लंडनच्या एका डॉक्टरबद्दल वाचलं होतं. राणीच्या काळातला माणूस. रस्त्यावरची हजारो पोरं त्यानं उचलून घरात आणली, जेवू घातली, कामधंद्याला लावली. त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून तो विकायचा, देणग्या मागायचा. मग बोभाटा झाला की फोटोसाठी पोरांचे कपडे मुद्दाम फाडले जातात. प्रकरण पंचांपुढं गेलं. पंचांनी त्याच्या कामाला नावं ठेवली नाहीत. फोटोंना ठेवली. त्याच काळात कुणी गिरणीच्या तासांसाठी भांडत होतं, कुणी पोरांना धुराड्यात उतरवायची बंदी मागत होतं. भली माणसं होती. भल्या माणसांची घाई तिला त्या पुस्तकात पहिल्यांदा दिसली होती.

गुरुवारी तिनं रत्नमालाला चार रेघा दाखवल्या. रत्नमाला म्हणाली, पोरं राखेत-मातीत खेळतात, तोंडावर हात फिरवतात. मग म्हणाली, तुला पाच खोल्या नको असतील, मला हव्यात.

आता कंपनीचा विश्वजीत अंगणात उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. बिडकीनचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, आल्या आल्या चपला काढून मुलांत जाऊन बसलेला. त्याच्याबरोबरच्या फोटोवाल्यानं मात्र मुलांवरून नजर फिरवली आणि तो वैतागला.

"सर, हे तर सगळे 'नंतर'चेच आलेत."

विश्वजीतनं बाजूला घेऊन राजेंद्रला हळू आवाजात समजावलं. वरच्या साहेबांना फरक दिसायला हवा. नाहीतर विचारतील, या मुलांना आमची गरज कशाला? कपडे बदलता आले तर. जरा केस.

बाबा गाडीतून जुन्या कपड्यांची पिशवी घेऊन आले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, प्रेरणाच्या मनात आलं. आयांना ते ओळखत होते. पिशवी कालपासून गाडीत होती.

खिचडीची चूल कडुलिंबाखाली होती. शनिवारची राख तशीच. रांगेत सगळ्यात पुढं मेघा, अजून फ्रॉकातच. राजेंद्र उकिडवे बसले, राखेत हात बुडवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "थोडंच, बाळा. फोटोपुरतं."

मेघानं डोळे मिटले. बहुतेक तिला वाटलं पावडर आहे.

हात वरून खाली आला. तेलकट, पांढऱ्या गालावर चार रेघा उमटल्या, सारख्या अंतरावर.

प्रेरणा धावत ऑफिसात गेली, चौकट खिळ्यावरून ओढून काढली आणि ती छातीशी धरून अंगणात आली.  मेघाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मालनबाई: अर्धी भाकरी, दुधात कुस्करून

घाटी दवाखान्यात छत्तीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला कुठल्या क्षणी उठायचं ते कळतं. मालनबाई कडुलिंबाखालच्या खुर्चीतून उठल्या, काठी टेकत आल्या. आधी मेघाकडे पाहिलं, मग चौकटीकडे, मग भाच्याकडे.

"हात धू राजा," त्या म्हणाल्या.

राजेंद्रनं हात धुतला नाही. तो तसाच, बोटं पसरून उभा राहिला.

हे आपल्यासोबतच जाईल असं त्यांना वाटलं होतं. गोजरबाई त्यांची सख्खी आजी. १९५८ साली नर्सिंगच्या अर्जावर फोटो लागणार होता. आजी मालनला घेऊन गुलमंडीवरच्या स्टुडिओत गेली. फोटोवाल्यानं सहज म्हटलं, ताई, तोंड जरा पुसून घ्या. त्यावर म्हातारी जी बसली ती बाकावरच बसली. घरी परतताना तिनं सगळं सांगितलं, एकदाच, आणि कुणाला सांगू नको म्हणाली नाही. मालनबाईंनी आपणहून सांगितलं नव्हतं. मुकादमाच्या नावाला डाग लागेल, म्हणून.

"तो डाव्या बाजूचा फोटो हाय ना," त्या म्हणाल्या, "तो नंतर काढलेला हाय. आधी पाटीवाला काढला. मग ह्यो."

गोजरबाई: मूठभर फुटाणे

(मालनबाईंनी अंगणात जसं सांगितलं, त्यावरून.)

सकाळी मनकर्णासासूनं, तेव्हा ती सासू नव्हती, नुसती मनकर्णाबाई होती, माझा भांग पाडला. गिरणी सोडून मला आठ महिने झालेले. बाराखडी येत होती. नवं पोलकं होतं, त्याला खळीचा वास होता.

छावणीतला फोटोवाला आला. पाटी धरून हलायचं नाही म्हणाला. मी हलले नाही.

मग मडम मुकादमाशी बोलली. विलायतेतल्या बायकांच्या कमिटीला फोटो पाठवायचे होते, दोन, एका फोटोवर काही होत नाही. कमिटी छपरासाठी लाकूड आणि पत्रे देणार होती. पाऊस झाला नव्हता, दुष्काळ दारात होता, पोरं ओसरीवर मावत नव्हती.

मुकादमानं माझे केस सोडले. त्यानंच. सासूला हात लावू दिला नाही. सासू आत गेली आणि परत बाहेर आली नाही. त्यानं चुलीतली राख घेतली.  म्हणाला, थोडंच, बाळा.

मला वाटलं, मी पाटीवर काही चुकीचं लिहिलं.

छप्पर आलं. त्या दुष्काळात त्याखाली दीडशे पोरं जगली, मी मोजलीत. मुकादम त्यानंतर वीस वर्षं रोज हजेरी घ्यायचा. सगळ्यांना विचारायचा काय खाल्लंस. पुढं मी शिकवायला लागले तरी, माझं नाव आलं की पुस्तकात खूण करायचा आणि पुढं जायचा. मला त्यानं परत कधी विचारलं नाही.

राजेंद्र: दोन पोळ्या, भोपळ्याची भाजी, चहा, परत चहा

 काळ्या चष्म्याच्या पोरानं चष्मा काढला होता.

राजेंद्रला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते त्याला कळेना. वीज मंडळात तेहतीस वर्षं अभियंता म्हणून काढलेला माणूस. अंधार असेल तर तार ओढायची, एवढं त्याला समजत होतं. बहिणीचा आवाज बसताना त्यानं ऐकला होता. पाच खोल्या त्यानं स्वतःसाठी मागितल्या नव्हत्या.

"मग झालं काय?" तो म्हणाला. "राख लावली म्हणून छप्पर आलं ना? दीडशे पोरं जगली, आत्ता तूच म्हणलीस. ती मेली असती तर बरं झालं असतं का, आत्या?"

"नाय," मालनबाई म्हणाल्या. "छप्पर झालंच. त्यात खोटं काय नाय."

"मग?"

"आजी बहात्तर वर्षांची होऊन गेली. शेवटच्या आजारात घाटीत मीच होते तिच्यापाशी. शुद्ध नव्हती. हात सारखा वर जायचा आन् हा गाल पुसायचा." त्यांनी आपला गाल दाखवला. "मी म्हणलं होतं तिला एकदा, ती चौकट काढून टाकू का. तर नको म्हणली. म्हणली, गिरणीतून मला उचललं तो हात बी हाच, आन् राख लावली तो बी हाच. दोन्ही बघत राहा."

राजेंद्रनं आपल्या हाताकडं पाहिलं.

विश्वजीत घसा खाकरून पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याला वाईट वाटतंय, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. पण फोटो नसतील तर त्याची फाईल पुढं सरकणार नाही. आठवडाभरात दुसऱ्या कुठल्या गावाला इमारत जाईल. निदान सहा मुलांचे? निदान राख नको, नुसते साधे कपडे?

तेव्हा रत्नमाला हलली. ती ऑफिसात गेली, कागद घेऊन आली, कडुलिंबाच्या बुंध्यावर ठेवला आणि आपल्या सहीवर आडवी रेघ ओढली. बसलेल्या आवाजात म्हणाली की ती चार महिने तीन भिंतींना शिकवतेय, आणखी चार महिने शिकवेल. चार वर्षं शिकवेल. आज तिनं 'काही नाही' ऐकून डबा परत ठेवला, पाच खोल्यांच्या नादात. हे परत होणार नाही.

मग तिनं पेन दादाकडे धरलं.

त्यानं ते घेतलं नाही. तो मेघाला शोधत होता. रांगेत ती नव्हती.

ती नळापाशी होती. गाल निघत नव्हता. तेल, पावडर आणि राख मिळून खळ झाली होती, आणि हातानं निघेना म्हणून तिनं फ्रॉकचा घेर वर घेऊन घासला होता. गुलाबी सॅटिनवर गुडघ्याएवढा काळा डाग. गाल तसाच. ती रडत नव्हती. डागाकडं बघत उभी होती. घरी काय सांगायचं याचा ती हिशेब करत असावी.

राजेंद्र तिच्यासमोर जाऊन खाली बसला. रुमाल ओला केला आणि पिळला.

"आजोबा," मेघा म्हणाली, "मी काय केलं?"

तेहतीस वर्षांत त्याला साहेबांनी, पुढाऱ्यांनी, मोर्चांनी प्रश्न विचारले होते. सगळ्यांना तो उत्तरं देऊन घरी आला होता.

"तू काय नाय केलं," तो म्हणाला. "मी केलं."

तो उठला. विश्वजीतकडे चालत गेला. बहिणीकडून कागद-पेन घेतलं आणि आपल्या सहीवर रेघ ओढली, बहिणीपेक्षा जास्त दाबून, कागद फाटला.

"पाच खोल्या पाहिजेत आम्हाला. व्हय, लई पाहिजेत. तुमच्या साहेबांना सांगा, वाहूळ पाया पडायला येतो, रोज येतो. पण पोरं आईनं पाठवलीत तशीच राहतील. त्यांना मळवून दाखवणार नाय."

"साहेब नाही म्हणतील, सर."

"म्हणू दे. उद्यापासून दुसरी आणि तिसरी माझ्या घरच्या पार्किंगमध्ये बसतील."

"तुमची गाडी?"

"गाडीला भिजायला येतं," राजेंद्र म्हणाला.

मालनबाई पहिल्यांदा हसल्या. विश्वजीतनं फाटका कागद घडी करून खिशात घातला. जाताना त्यानं चपला घातल्या, परत काढल्या, मुलांमध्ये गेला आणि टाचणीवाल्या पोराच्या कॉलरमधली टाचणी काढून दिली. टोचत असेल, म्हणाला.

मेघाची आई: सकाळी चहा, दुपारी वेळ झाला नाही

पत्र्याच्या वस्तीत दुपारी दोनला कुणी नसतं. मेघाची आई तेवढी होती, रविवार म्हणून नव्हे, लेक यायची म्हणून थांबली होती. राजेंद्र मेघाला घेऊन आला तेव्हा ती दारातच होती. आधी तिनं लेकीच्या हाताकडं पाहिलं, काही आणलंय का. मग म्हणाली, "फोटु निघाला का?"

वाटेत राजेंद्रनं तीन वाक्यं तयार केली होती. ती त्याला आठवली नाहीत. तो म्हणाला, निघाला नाही. मी हिच्या तोंडाला राख लावली. गरीब दिसावी म्हणून. फ्रॉक त्यानं खराब झाला.

 बाईनं लेकीला जवळ ओढलं, डागावर बोट फिरवलं. बहिणीच्या लग्नातला फ्रॉक होता. लातुराहून आणलेला. मेघाचा एकही फोटो घरात नव्हता. जन्माचा नाही, कुठलाच नाही. आधार कार्डावरचा होता, त्यात ती रडत होती.

"गरीब दिसावी म्हणून?" ती म्हणाली. "दादा, त्याच्यासाठी तुमी लई मेहनत घेतली. आमाला मेहनत लागत नाय."

राजेंद्र खाली मान घालून उभा राहिला. बाईनं बादली ओढली, साबणाची वडी घेतली.

तो म्हणाला, "उद्या पाठवाल ना?"

तिनं वर पाहिलं नाही. "बघू," म्हणाली.

हजेरी, सोमवार

गाडी गल्लीत, कडेला. पार्किंगमध्ये दोन सतरंज्या, भिंतीला फळा. बाकीची मुलं नंतर स्टेशनामागच्या खोलीत प्रेरणाकडे जाणार, पण हजेरी सगळ्यांची एकत्रच, कारण मुकादमाच्या वेळेपासून हजेरी एकच. एकसष्ट मुलं पार्किंगमध्ये मावत नाहीत. काही जिन्यावर बसली. मालनबाई खुर्चीवर. राजेंद्र रांगेत, सगळ्यात मागं, मांडी घालून. सोमवारी विश्वस्तानंही हजेरी द्यायची असा नियम आहे, आणि निवृत्त झाल्यापासून त्यानं ती दिली नव्हती.

चौकट इथं आणलीय. फळ्याच्या वर. प्रेरणानं खालची जुनी ओळ तशीच ठेवून त्याखाली नवी लावलीय: उजवीकडचा फोटो आधी काढला. डावीकडचा नंतर.

"चहा-खारी."

"पोहे."

"शिळी भाकर."

"मेघा?"

कुणी बोललं नाही. रत्नमालानं पेन उचललं नाही. दुसऱ्यांदा नाव घेतलं. मग पुढच्या नावाकडं न जाता ती थांबली. सगळी मुलंही थांबली, कारण ती थांबली होती. राजेंद्रनं भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. तो उठून स्कूटर काढणार होता, तेवढ्यात फाटक वाजलं.

मेघा होती. मागं तिची आई, कामावर जायच्या साडीत, हातात टोपलं. फ्रॉक धुतलेला होता, अजून ओला. डाग गेला नव्हता. फिका झाला होता, आणि तो झाकला जाईल अशी एक ओढणी वरून बांधली होती. भांग नव्यानं पाडलेला.

"भाकर," मेघा दारातूनच म्हणाली. "आन् ठेचा."

रत्नमालानं लिहिलं. बाईला आत बसायला सांगितलं, तर तिला वेळ नव्हता, साइटवर दहाला पोचायचं होतं. पण ती गेलीही नाही. टोपलं काखेत धरून उभीच राहिली.

शेवटी मालनबाईच बोलल्या. आजीचा नियम आज मोडू या का, त्यांनी विचारलं, आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता प्रेरणाला म्हणाल्या, "काढ पोरी. पण फोटो एकच. आन् तो तिच्या आईपाशी राहील, दुसरीकडं कुठंबी नाय."

मेघा भिंतीपाशी उभी राहिली. प्रेरणानं फोन वर धरला. आई पुढं झाली, ओढणीची गाठ एकदा सोडून परत बांधली, मागं सरली.

मेघा हलली नाही.

फोटो आईला दाखवला. तिनं तो दोन बोटांनी मोठा केला, मेघाच्या गालापाशी सरकवला, बघितला. गाल साफ होता. संध्याकाळी कागदावर काढून आणून देते, प्रेरणानं सांगितलं. बाईनं मान हलवली आणि टोपलं डोक्यावर घेऊन निघाली. फाटकापाशी वळून राजेंद्रकडं एकदा पाहिलं. 

हजेरी पुढं सुरू झाली. जिन्यावरची मुलं, खालची मुलं. विश्वजीतचा फोनवर निरोप आला होता, साहेबांशी बोलतोय, अजून नाही म्हणाले नाहीत. तो रत्नमालानं वाचला आणि फोन उलटा ठेवला.

"राजेंद्र?"

मुलं खुदखुदली. ताईंनी आजोबांचं नाव नुसतं घेतलं होतं.

"काही नाही," राजेंद्र म्हणाला.

"कधीपासून?"

त्यानं सतरंजीची कड सरळ केली. रत्नमालाला ते काल सकाळपासून असणार हे कळलं. तिनं पुस्तक खाली ठेवलं. नियम म्हणजे नियम. शाळेतून आणलेला डबा काढला आणि सोमवारी ज्याची पाळी असते त्याच्या हातात दिला.

पाळी मेघाची होती.

ती रांगांमधून पाय सांभाळत शेवटपर्यंत गेली. राजेंद्रनं दोन्ही तळवे पुढं केले. कितीही धुतले तरी नखांच्या कडांना अजून करडा रंग होता. मेघानं तो पाहिला. डब्यात हात घातला, मूठ भरली आणि त्याच्या ओंजळीत रिकामी केली.

मूठ लहान होती. तिनं परत डब्यात हात घातला आणि दुसरीही दिली.